जुनं रिस्टोअर केलेलं शाईपेन घेताय? आधी विक्रेत्याला हे विचारा

मागच्या महिन्यात कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका मित्राचा फोन आला, पार्कर ५१ बघितलाय, आरशासारखा चमकतोय, घेऊ का. मी म्हटलं चमक राहू दे बाजूला, आत काय बदललंय ते विचार आधी. कारण पॉलिश कुणीही मारतं, अर्ध्या तासाचं काम आहे, पेन रिस्टोअर होतं ते आतून.

मी स्वतः यात पोळलोय. एक व्हॅक्युमॅटिक पद्धतीचं, म्हणजे मागचा दट्ट्या दाबून शाई आत ओढणारं, जुनं पेन घेतलं होतं, जाहिरातीत 'फुल्ली रिस्टोअर्ड' लिहिलेलं, बाहेरनं एकदम नवं. शाई भरायला मागचं छोटं टोपण काढलं तर तिथूनच निळी धार बोटांवर आली, आतला रबरी पडदा जुनाच होता आणि फाटलेला. विक्रेत्यानं नंतर फोनच उचलला नाही.

म्हणून पहिला प्रश्न हाच, की पेन उघडलं का आणि कुठला भाग नवीन टाकला. ज्यानं खरंच काम केलंय तो न अडखळता सांगतो, सॅक म्हणजे शाईची आतली पिशवी नवी घातली, शेलॅकनं म्हणजे लाखेनं चिकटवली, फीड म्हणजे निबखालचा शाई आणणारा भाग धुतला वगैरे. लाख का, तर पुढच्या वेळी थोडी ऊब देऊन ती सोडवता येते. फेविक्विक लावलंय म्हणाला तर सरळ नमस्कार करा, ते पेन पुन्हा उघडताना फुटणार.

कुठल्या पेनात काय बघायचं हे पण माहीत पाहिजे. पार्कर ५१ बाजारात आलं १९४१ मध्ये, सुरुवातीची व्हॅक्युमॅटिक, त्यात रबरी पडदा असतो आणि तो बदललेलाच हवा. १९४८ पासून एरोमेट्रिक आलं, म्हणजे सॅक दाबून शाई भरायची, त्यातली पारदर्शक सॅक इतकी टिकाऊ की बरीच पेनं आजही मूळ सॅकवर चालतात, त्यामुळे पहिल्यांदा घेणाऱ्याला मी डोळे झाकून एरोमेट्रिक सांगतो. बाजूला खटका असलेली लिव्हरवाली पेनं असतील तर सॅक नवीन आहे का ते विचारायचंच, जुनं रबर दगडासारखं कडक होतं. आणि हीरो या चिनी कंपनीची काही पेनं बाहेरनं ५१ सारखीच दिसतात, तेव्हा टोपणावरचं आणि दांडीवरचं कोरलेलं नाव झूम करून बघा.

निबचा अगदी जवळून फोटो मागा, समोरनं आणि बाजूनं. दोन्ही पाकळ्या एका रेषेत पाहिजेत आणि टोकाचा बारीक गोळा दोन्हीकडं सारखा. सोनं मऊ असतं म्हणून टोकाला वेगळा कडक धातू जोडलेला असतो, तो झिजला की निब कागद खरवडते. घरात कुणीतरी म्हणतंच, गुजरीत सोनाराला दाखव, सोनं किती निघतंय बघू. अहो, त्यात ग्रॅमभरही सोनं नसतं, किंमत आहे ती लिहिण्याची.

मग पाणी भरून दाखवतानाचा आणि लिहितानाचा व्हिडिओ मागा. चांगला विक्रेता स्वतःहून सांगतो की टोपणाच्या कडेला केसाएवढी चीर आहे, दांडीवर जुन्या मालकाचं नाव कोरलंय. दोष लपवत नाही त्याच्याकडं हजार-पाचशे जास्त द्यायला माझी कधीच ना नसते. परत घ्यायची मुदत लेखी घ्या, मेसेजवर चालेल. अनोळखी माणसाला आधी सगळे पैसे यूपीआयनं पाठवू नका, आणि परदेशातून मागवत असाल तर कस्टम ड्युटी धरूनच बजेट काढा.

पार्सल फोडताना व्हिडिओ काढा. पहिल्यांदा साधं गार पाणी भरा, गरम नको, जुनं प्लॅस्टिक वाकतं. मग धुवून साधी निळी शाई, ड्रॉइंगची इंडिया इंक चुकूनही नको, ती आत सुकून बसते. भरलेलं पेन टिश्यूत गुंडाळून निब वर करून रात्रभर ग्लासात उभं ठेवा. सकाळी टिश्यू कोरडा असेल तर खुशाल खिशाला लावा, निळा डाग दिसला तर त्याच दिवशी फोटो काढून विक्रेत्याला पाठवा, मुदत संपायच्या आत.