भरलेला फॉर्म लोकांना पुन्हा दुरुस्त करू देताय? या चुका टाळा

इंदूरमध्ये ‘काळे’ आडनावाचं ‘काले’ व्हायला वेळ लागत नाही. हिंदीत ळ नाही, त्यामुळे शाळेच्या दाखल्यापासून वीजबिलापर्यंत सगळीकडे ल पडतो. आमच्या मंडळाची कुटुंबसूची ऑनलाइन केली तेव्हा पहिल्याच आठवड्यात फोन सुरू झाले: ‘आमचं नाव चुकलंय, नीट करायचंय.’ ज्याने भरला त्यालाच आपला फॉर्म जुन्या माहितीसकट उघडून द्यायचा, हा उपाय योग्यच होता. पण तो अमलात आणताना खूप ठिकाणी ठेच लागली.

सुरुवात गूगल फॉर्म्सने झाली, आणि सगळ्यांचा गोंधळ होतो तिथेच आमचाही झाला. तिथे ‘प्री-फिल्ड लिंक’ मिळते. ती उघडली की रकाने भरलेले दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं की हा जुनाच फॉर्म आहे. तसं नसतं. ती लिंक फक्त कोऱ्या फॉर्मात मजकूर आधी टाकून देते; सबमिट केलं की उत्तरं जमा होतात त्या शीटमध्ये नवी ओळ पडते. एकाच कुटुंबाच्या तीन-तीन ओळी आणि त्यातली खरी कोणती, हे फोन करून विचारत बसावं लागतं. जुनीच नोंद बदलायची असेल तर सेटिंग्जमध्ये ‘ॲलो रिस्पॉन्स एडिटिंग’ चालू करा. मग सबमिट केल्यावर त्या नोंदीची वेगळी लिंक मिळते. ती लिंक हातात आली की कोणीही नोंद बदलू शकतो, म्हणून ती व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, ज्याची त्यालाच पाठवा. लोकांकडून ती हरवते. ॲप्स स्क्रिप्ट या गूगलच्या छोटे प्रोग्राम लिहायच्या सोयीतल्या ‘गेट-एडिट-रिस्पॉन्स-यूआरएल’ने ती पुन्हा काढता येते.

पुढे आम्ही स्वतःची वेबसाइट केली आणि खरी अडचण तिथे कळली. एका काकूंचा फोन आला: ‘अरे, मी फक्त मोबाइल नंबर बदलला. आम्ही सुदामा नगरातच आहोत, सूचीत आम्हाला अन्नपूर्णा रोडला कोणी पाठवलं?’ कोणीच पाठवलं नव्हतं. आधी त्यांनी हाताने ‘सुदामानगर’ असं जोडून लिहिलं होतं. नंतर आम्ही वस्त्यांची ड्रॉपडाउन यादी केली, त्यात ‘सुदामा नगर’ तोडून होतं. आधी भरलेला मजकूर यादीत जुळला नाही की ब्राउझर काही न बोलता पहिला पर्याय निवडतो. आमचा पहिला पर्याय अन्नपूर्णा रोड होता. काकूंनी सेव्ह दाबलं आणि पत्ता बदलला.

आता यादीत सर्वांत वर ‘निवडा’ असा रिकामा, पण निवड सक्तीची करणारा पर्याय आहे, आणि जुना मजकूर जुळला नाही तर तो तसाच दाखवून शेजारी ‘कृपया तपासा’ लिहिलेलं असतं.

हाच धोका इतर रकान्यांतही असतो. तारखेचा रकाना वर्ष-महिना-दिवस याच क्रमात तारीख घेतो. आपल्या सवयीने ०४-०६-१९८५ दिलं तर तो कोरा दिसतो. आकड्यांच्या रकान्यात ‘४५२००१’ देवनागरीत दिलं तरी तेच, म्हणून पिनकोड आणि मोबाइलसाठी मजकुराचा रकाना वापरा आणि सर्व्हरवर अंक इंग्रजीत बदलून घ्या. टिक काढलेला चेकबॉक्स तर सर्व्हरकडे पोचतच नाही. तो न आल्याचा अर्थ ‘नाही’ घ्यायचा की ‘जुनं राहू दे’, हे तुम्ही ठरवून लिहिलं पाहिजे. टोपणनाव दुहेरी अवतरणचिन्हात लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. ते चिन्ह एस्केप केलं नाही, म्हणजे ब्राउझरने त्याला कोड न समजता साधा मजकूर समजावं असं लिहिलं नाही, तर नाव तिथेच तुटतं, आणि हाच रस्ता घातक कोड घुसवायलाही चालतो. फाइलचा रकाना ब्राउझर आधी भरूच देत नाही. जुना फोटो शेजारी दाखवा आणि नवा आला तरच बदला.

लिंकमध्ये शेवटी नोंद क्रमांक ५७ दिसत असेल तर कोणीतरी ५८ करून बघणारच. मग शेजाऱ्याचा पत्ता, मुलीची जन्मतारीख, सगळं उघडं. हिडन फील्डमधला, म्हणजे पानावर न दिसणाऱ्या रकान्यातला क्रमांकही बदलता येतो. अंदाज लावता येणार नाही असं लांब टोकन (लिंकमधली गुप्त अक्षरं), त्याला मुदत, आणि सेव्ह करताना सर्व्हरवर ‘ही नोंद याच माणसाची आहे का’ ही तपासणी, या तिन्ही गोष्टी हव्यात. यात कंजुषी करू नका, लोकांनी विश्वासाने घरची माहिती दिलेली असते. पान लवकर उघडावं म्हणून त्याची तयार प्रत साठवणारं कॅशिंग प्लगइन असेल तर दुरुस्तीचं पान त्यातून वगळा. नाहीतर एकाचा भरलेला फॉर्म दुसऱ्याला दिसू शकतो.

‘हा ईमेल आधीच नोंदलेला आहे’ असं ज्याचा ईमेल त्यालाच सांगितलं जात असेल, तर तपासणीतून त्याची स्वतःची नोंद वगळायची राहिली आहे. चूक दाखवून फॉर्म परत आला तर त्यात माणसाने आत्ता टाईप केलेलं दिसलं पाहिजे, डेटाबेसमधलं जुनं नव्हे. नवरा-बायको दोघांनी एकाच वेळी फॉर्म उघडला तर मागून सेव्ह करणारा पहिल्याचं पुसतो; शेवटच्या बदलाची वेळ फॉर्मासोबत पाठवून ती जुळवा. बदलाआधीची ओळही वेगळ्या टेबलात ठेवा. काकूंचा पत्ता आम्हाला बॅकअपमधून शोधावा लागला होता.

फॉर्म लोकांना देण्याआधी एक चाचणी कराच: नोंद उघडा, कशालाही हात न लावता सेव्ह करा, आणि आधीची-नंतरची ओळ शेजारी ठेवून बघा. तुम्ही ठरवून बदललेले अंक सोडले तर एका अक्षराचाही फरक पडता कामा नये. चाचणीला साधी नोंद घेऊ नका. ळ असलेलं आडनाव, अवतरणातलं टोपणनाव, देवनागरी आकड्यांतला पिनकोड आणि जोडून लिहिलेलं सुदामानगर असलेली नोंद घ्या.