ऑफ-रोड एसयूव्हीचे ट्रिम निवडताना आणि मोठे टायर बसवताना या चुका टाळा

ऑफ-रोड एसयूव्हीवरचा पैसा बहुधा उलट्या क्रमाने खर्च होतो. आधी मोठी स्क्रीन, सनरूफ आणि २० इंची रिम असलेले सर्वांत वरचे ट्रिम (एकाच मॉडेलची सुविधांनुसार ठरणारी आवृत्ती) घेतले जाते. मग त्या रिम उतरवून १७ इंची रिमवर ३३ इंची टायर चढवले जातात, टायर घासू लागले म्हणून सस्पेन्शन उंचावले जाते, आणि एवढे सगळे झाल्यावर लक्षात येते की खडकाळ चढावर गाडी अडत होती ती टायर लहान होते म्हणून नव्हे, मागचा डिफरन्शियल (एका अ‍ॅक्सलवरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअर-संच) लॉक होऊन दोन्ही चाके एकत्र फिरत नव्हती म्हणून. ट्रिम निवडताना खरा प्रश्न एकच असतो: नंतर सहज बसवता येणार नाही असे या ट्रिममध्ये काय आहे?

ट्रिमच्या नावावर आणि किमतीवर जाणे

वरचे ट्रिम म्हणजे जास्त सक्षम गाडी, हे समीकरण ऑफ-रोडच्या बाबतीत अनेकदा खोटे ठरते. जीप रँग्लरच्या सध्याच्या पिढीतील सहारा आणि रुबिकॉन ही दोन ट्रिम शेजारी ठेवून पाहावीत. सहारा दिसायला देखणे आणि रस्त्यावर आरामदायी आहे. पण रुबिकॉनमध्ये पुढे आणि मागे लॉक होणारे डिफरन्शियल आहेत, पुढचा स्वे बार (वळणावर गाडीचे झुकणे रोखणारा दांडा) बटणाने सोडवता येतो आणि ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना शक्ती वाटणाऱ्या गिअर-पेटीचे) लो गुणोत्तर २.७२ ऐवजी ४ आहे. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर ५.१३ आणि अ‍ॅक्सलचे ४.१० धरले, तर रुबिकॉनचे एकूण क्रॉल गुणोत्तर, म्हणजे या तिन्हींचा गुणाकार, सुमारे ८४ येते (तो जितका मोठा, तितकी गाडी हळू आणि जोराने सरकते). २.७२ ची ट्रान्सफर केस आणि ३.४५ चे अ‍ॅक्सल असलेल्या ट्रिममध्ये तेच सुमारे ४८ राहते. खडकांवरून गाडी इंचाइंचाने उतरवताना हा फरक थेट ब्रेकच्या पॅडलखाली जाणवतो. ट्रान्सफर केस आणि दोन्ही लॉकर (डिफरन्शियल लॉक करणारी यंत्रणा) नंतर बसवणे शक्य असले तरी खर्च, वॉरंटी आणि कारागिरी या तिन्ही बाजूंनी तो आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. याउलट स्किड प्लेट, रॉक स्लायडर, विंच, दिवे आणि टायर या गोष्टी केव्हाही बोल्ट आवळून लावता येतात. केवळ त्यांच्यासाठी महागडे ट्रिम घेण्याचे कारण नाही.

२०२१ मध्ये आलेल्या फोर्ड ब्रॉन्कोने हा मुद्दा फार स्पष्ट केला. तिचे ‘सॅस्क्वाच’ पॅकेज बेस ट्रिमवरही घेता येत होते, म्हणजे चामडी सीट न घेता ३५ इंची टायर, दोन्ही लॉकर आणि ४.७ चे फायनल ड्राइव्ह (अ‍ॅक्सलचे गुणोत्तर) मिळत होते. या पॅकेजची यादी प्रत्येकाने एकदा नीट वाचावी, मग गाडी कोणतीही घ्यायची असो. ३५ इंची टायर बसवण्यासाठी खुद्द कारखान्याला शॉक अब्सॉर्बर, अ‍ॅक्सलचे गुणोत्तर, रिम आणि फेंडर फ्लेअर असे सगळे बदलावे लागले. त्यामुळे ‘फक्त टायर बदलून द्या’ एवढ्यावर आपले काम भागेल अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे आहे.

मात्र लॉकर हवाच, असा हट्टही धरू नये. ब्रेक लावून घसरणाऱ्या चाकाला रोखणारी ट्रॅक्शन कंट्रोल यंत्रणा कच्चे रस्ते, ओले गवत आणि मध्यम चिखल यांसाठी पुरेशी ठरते. तिला काम करण्यासाठी चाक आधी थोडे फिरावे लागते आणि लांबलचक चढावर ब्रेक तापतात, या तिच्या खऱ्या मर्यादा आहेत. सुझुकी जिम्नीची २०१८ पासूनची पिढी यांत्रिक लॉकरविना, केवळ हलके वजन, लो रेंज (ट्रान्सफर केसचा हळू पण जास्त जोराचा गिअर) आणि याच यंत्रणेच्या जोरावर भल्याभल्या जागी पोहोचते. ज्या वाटेवर चाक हवेत लटकण्याची वेळ कधीच येणार नाही, तिच्यासाठी लॉकरचे पैसे मोजू नयेत. लो रेंजच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ लिहिलेल्या अनेक गाड्यांत ती नसतेच.

टायरवरचे आकडे न वाचता ‘३३’ मागणे

समजा, मूळ टायर २६५/७० आर १७ आहे. रुंदी २६५ मिलिमीटर, साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ७० टक्के म्हणजे सुमारे १८६ मिलिमीटर, आणि १७ इंची रिम धरून एकूण व्यास सुमारे ८०३ मिलिमीटर, अर्थात ३१.६ इंच होतो. त्याजागी २८५/७० आर १७ घेतला तर व्यास सुमारे ८३१ मिलिमीटर, म्हणजे ३२.७ इंच होतो. यालाच बोलीत ३३ म्हणतात. व्यास २८ मिलिमीटरने वाढला, तरी गाडीची उंची वाढते ती त्याच्या निम्मी, म्हणजे अवघी १४ मिलिमीटर. तेवढ्यासाठी सस्पेन्शन, गिअरिंग आणि ब्रेक यांवर भार टाकायचा का, हे ठरवण्यापूर्वी गाडी प्रत्यक्षात कुठे टेकते ते पाहावे. मागचा बंपर टेकत असेल तर टायरपेक्षा बंपर बदलणे शहाणपणाचे.

रिमचा आकार हा अनेकदा दुर्लक्षित राहणारा भाग आहे. २७५/५५ आर २० या टायरचा व्यास सुमारे ८१० मिलिमीटर, म्हणजे वरच्या मूळ टायरएवढाच असतो. पण त्याची साइडवॉल केवळ १५१ मिलिमीटर भरते. हवा कमी करून वाळूत किंवा दगडांवर जायचे तर या ३५ मिलिमीटरच्या फरकावरच टायर किती पसरेल आणि रिमला धक्का बसेल की नाही हे ठरते. खालच्या ट्रिमच्या साध्या १६ किंवा १७ इंची रिम या कामाला कित्येकदा अधिक योग्य असतात. वरच्या ट्रिमवर लहान रिम बसवायच्या असतील, तर त्या ट्रिमचे मोठे ब्रेक कॅलिपर आड येत नाहीत ना, हे आधी तपासावे.

सपाट जमिनीवर उभ्या गाडीत टायर मावतो की नाही ते पाहणे

सर्वाधिक फसगत इथे होते. दुकानाच्या फरशीवर टायर छान मावतो, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवले तरी आवाज येत नाही. आणि पहिल्याच खोलगट वळणावर पुढचे चाक वर दबून मागे सरकते तेव्हा टायरचा खांदा आतल्या प्लास्टिक लायनरला किंवा बॉडी माउंटच्या (बॉडीला चौकटीशी जोडणाऱ्या आधाराच्या) टोकाला घासतो. म्हणून तपासणी दबलेल्या सस्पेन्शनवर करावी. पुढचे एक चाक रॅम्पवर किंवा भक्कम दगडी उंचवट्यावर चढवून त्या बाजूचे स्प्रिंग शक्य तितके दाबावे, गाडी नीट अडवून ठेवावी, स्टीअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे, आणि मग दुसऱ्या बाजूने तेच करावे. टायरच्या खांद्यावर खडूचा जाड पट्टा ओढून ठेवला, तर तो नेमका कुठे उमटतो ते दिसते. बॉडी माउंटवर उमटला तर प्रश्न व्यासाचा आणि कॅस्टरचा (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याच्या पुढे-मागे कलाचा) आहे, आतल्या बाजूला कंट्रोल आर्मवर किंवा स्वे बारवर उमटला तर रुंदीचा किंवा रिमच्या ऑफसेटचा (रिमची मध्यरेषा आणि बोल्ट बसणारा पृष्ठभाग यांतल्या मिलिमीटरमधील अंतराचा), आणि फक्त मडफ्लॅपवर उमटला तर प्रश्न फारसा नाहीच.

आत घासणारा टायर बाहेर काढण्यासाठी कमी ऑफसेटच्या रिम घेतल्या जातात. अधिक ३० च्या जागी शून्य ऑफसेट घेतला, की त्याच रुंदीचे चाक ३० मिलिमीटर बाहेर येते. आतली जागा सुटते खरी, पण स्टीअरिंग फिरताना चाक आता मोठ्या वर्तुळात झुलते आणि पूर्वी जिथे लागत नव्हते त्या बंपरच्या कोपऱ्याला लागू लागते. शिवाय स्क्रब रेडियस (चाक वळण्याचा अक्ष जमिनीला मिळतो तिथून टायरच्या मध्यापर्यंतचे अंतर) वाढून खड्ड्यांचे हिसके हातांत जाणवतात आणि बेअरिंगवरचा भार वाढतो. त्यामुळे गरजेपुरताच ऑफसेट बदलावा.

लिफ्ट किट हा घासण्यावरचा सरसकट उपाय नव्हे. स्प्रिंगवर स्पेसर ठेवून गाडी उभी असताना उंच दिसते; पण बंप स्टॉप (सस्पेन्शन किती दबेल याची हद्द ठरवणारे ठोकळे) तेच राहिले तर सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर चाक जवळपास तिथेच पोहोचते जिथे पूर्वी पोहोचत होते. स्वतंत्र पुढचे सस्पेन्शन असलेल्या गाडीत दोन-अडीच इंचांपलीकडे उंचावले की सीव्ही जॉइंटचे (चाकाला शक्ती पोहोचवणाऱ्या वळणाऱ्या सांध्यांचे) कोन तीव्र होतात आणि रबरी बूट फाटू लागतात. सॉलिड अ‍ॅक्सलच्या गाडीत लिफ्टमुळे डिफरन्शियलच्या खालची जागा वाढत नाही, ती केवळ टायरच वाढवतो. आणि कॅस्टर कमी झाल्याने गाडी सरळ रस्त्यावर भरकटते.

गिअरिंग आणि मीटर विसरणे

वरच्या उदाहरणात व्यास ३.५ टक्क्यांनी वाढला, म्हणजे मीटर १०० दाखवत असताना चाके पूर्वीच्या हिशोबाने १०३.५ ने धावतात. अनेक देशांच्या नियमांनुसार मीटरने प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवता कामा नये, म्हणून कारखाने तो थोडा जास्तच दाखवतात आणि एवढा फरक त्यात काही अंशी जिरतो. ३१५/७० आर १७ बसवला, तर फरक जवळपास ९ टक्क्यांवर जातो आणि मग कॅलिब्रेशनला पर्याय उरत नाही. मायलेज एकदम घसरल्याची तक्रारही थोडी या हिशोबाने पाहावी: ओडोमीटर तेवढेच कमी किलोमीटर मोजत असतो. उरलेली घट मात्र वजनाची आणि जाड नक्षीची असते, ती खरी.

३.७३ च्या अ‍ॅक्सलवर हे टायर चढवले, की गाडी जणू ३.४३ वर चालते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स महामार्गावर वरचा गिअर सोडून पुन्हा पुन्हा खाली येऊ लागतो आणि त्याचे तेल तापते. पूर्वीचा जोर परत हवा असेल तर ४.१० चे गिअर घालावे लागतात, आणि फोर-बाय-फोरमध्ये ते पुढे व मागे दोन्हीकडे एकाच वेळी बदलायचे असतात.

भार, हवा आणि स्टेपनी

एलटी (लाइट ट्रक) प्रकारचा टायर दणकट असतो, म्हणून तो जुन्याच दाबावर चालवला जातो. प्रत्यक्षात तेवढाच भार पेलायला एलटी टायरला साध्या टायरपेक्षा जास्त दाब लागतो. दाराच्या चौकटीवरचा आकडा मूळ टायरसाठी असतो, नव्यासाठी टायर कंपनीचा भार-तक्ता पाहावा. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नसावा: ११२ म्हणजे प्रत्येक टायरला ११२० किलो, ११६ म्हणजे १२५० किलो. उंच सस्पेन्शन बसवल्याने गाडीची भारक्षमता वाढत नाही, उलट जड टायर, रिम आणि बंपर तीच क्षमता खातात.

स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी आणि ती दारावरच्या बिजागऱ्यांना पेलते का, किंवा खालच्या जागेत मावते का, हे टायर निवडतानाच पाहावे. लहान स्टेपनी लावून फोर-बाय-फोर लॉक केले, तर दोन अ‍ॅक्सल वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि तो ताण ट्रान्सफर केसवर येतो; कायम ऑल-व्हील ड्राइव्ह असलेल्या गाडीत मधला डिफरन्शियल सतत घासत राहतो.

बसवल्यानंतरच्या तक्रारी

ठरावीक वेगाला थरथर येऊन पुढे ती नाहीशी होत असेल, तर आधी बॅलन्सिंग पुन्हा करून घ्यावे; रिमच्या आत चिकटलेला वाळका चिखलही हेच करतो. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर पुढची दोन चाके आपसांत बदलून पाहावीत. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा, न बदलली तर अलाइनमेंटचा किंवा ब्रेकचा. घोंघावणारा आवाज वळणावर एका बाजूला झुकल्यावर वाढत असेल, तर टायरच्या नक्षीला दोष देण्याआधी बेअरिंग तपासावे. चाकांचे नट पहिल्या ८० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा आवळावेत, विशेषतः नव्या अलॉय रिमचे. आणि सॉलिड अ‍ॅक्सलच्या गाडीत खड्ड्यावरून जाताच स्टीअरिंग जोरात डावे-उजवे हादरू लागले, तर गाडी हळूहळू थांबवावी आणि ट्रॅक बारचे (अ‍ॅक्सलला आडवे सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बोल्ट, बॉल जॉइंट व कॅस्टर तपासल्याशिवाय पुन्हा वेगात नेऊ नये. स्टीअरिंग डॅम्पर बदलून हा हादरा दबतो, पण ढिला झालेला बोल्ट ढिलाच राहतो.