सरांवर पुस्तक काढताय? आधी विशेषणं काढा

कॉलेजातले सर किंवा बाई निवृत्त व्हायला आल्या, पंचाहत्तरीला पोचल्या, की जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितंच, 'आपण काहीतरी करायला हवं.' बडोद्यात त्या 'काहीतरी'चा शेवट बहुतेक वेळा सत्कारात होतो. शाल, श्रीफळ, चार भाषणं आणि एक स्मरणिका. स्मरणिकेत तीस लेख असतात आणि तिसांतही वाक्य एकच, 'सर म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ.' ती घरी नेऊन पुन्हा कुणी उघडत नाही. ज्यानं सरांना कधी पाहिलंच नाही त्यालाही वाचून कळलं पाहिजे की हा माणूस शिकवायचा कसा. एवढं जमलं तर पुस्तकाला अर्थ आहे.

पुस्तक हातात यायला आठ महिने लागतात. सहा महिन्यांत होईल म्हणणाऱ्यानं प्रुफं हिशेबात धरलेली नसतात. प्रकाशनाला डिसेंबरचा शेवटचा आठवडा बरा. परदेशातली मुलं घरी आलेली असतात आणि हवाही चांगली असते. जानेवारीवर ढकलू नका. चौदा-पंधराला उत्तरायण, सगळं गाव गच्चीवर. डिसेंबर ठरला तर फायली नवरात्राच्या आधी छापखान्यात गेल्या पाहिजेत, कारण नऊ रात्री गरबा, मग दिवाळी, दिवाळीला बंद झालेले छापखाने उघडतात लाभपांचमीला, आणि त्यानंतर कंकोत्र्यांचा, म्हणजे लग्नपत्रिकांचा, लोंढा येतो. तुमचं पुस्तक त्या लोंढ्याखाली सापडलं की डिसेंबर विसरा. थोडक्यात, लेखकांना पत्रं एप्रिलमध्ये.

कामाला पाच माणसं पुरतात: संपादन, संपर्क, फोटो, प्रुफं आणि पैसे. पाचही एकाच बॅचची नसावीत. सरांनी तीस वर्षं शिकवलं असेल तर सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या दशकातला निदान एकेक जण हवा. नाहीतर पुस्तकभर एकाच कँटीनचे किस्से येतात.

माणसं शोधायची कशी? ग्रुपवर जे बोलतात तेच लिहितात, आणि ते नेहमी तेच दहा जण असतात. बाकीचे कागदांत सापडतात. विभागाची जुनी हजेरीपत्रकं, कॉलेजचे वार्षिक अंक, सहलीच्या याद्या पाहा. सरांनी पीएच.डी.चे विद्यार्थी तयार केले असतील तर प्रबंधांचे ऋणनिर्देश वाचायलाच हवेत. सयाजीराव विद्यापीठाचे छापील प्रबंध हंसा मेहता ग्रंथालयात चाळता येतात, अलीकडचे 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संकेतस्थळावर मार्गदर्शकाच्या नावानं शोधता येतात. ऋणनिर्देशात उपचाराची वाक्यं असतातच, पण अधूनमधून 'तिसरं प्रकरण चार वेळा परत केल्याबद्दल' असं काहीतरी सापडतं. तो माणूस लगेच गाठा. मुलींच्या बाबतीत माहेरचं आडनाव विचारून यादीत दोन्ही नावं लिहा. नाहीतर एकच बाई दोनदा येते किंवा एकदाही नाही.

यादीत तिघे-चौघे असे घ्या जे कुणाला सुचत नाहीत: विभागाचा शिपाई, प्रयोगशाळेतला सहायक, ग्रंथालयाच्या खिडकीवरचे भाऊ, आणि ज्याला सरांनी नापास केलं तो विद्यार्थी. शेवटच्याचा एक लेख कौतुकाच्या दहा लेखांना भारी पडतो. त्याला आधीच सांगा की त्यानं लिहिलेलं गुळगुळीत केलं जाणार नाही, आणि तो शब्द पाळा.

'सरांविषयी आठवणी लिहा' असं पत्र पाठवलंत तर विशेषणं येतील. दोष लिहिणाऱ्याचा नाही, प्रश्नाचा आहे. पत्रात नेमकं विचारा:

१. सरांचा पहिला तास. खोली कुठली, फळ्यावर काय लिहिलं होतं, पहिलं वाक्य काय होतं?
२. तुमची कुठली चूक त्यांनी दाखवली? कुठल्या शब्दांत?
३. त्यांच्या हातचा एखादा शेरा, चिठ्ठी, तपासलेला पेपर जवळ आहे का?
४. वर्गाबाहेर काय शिकलात? कुठे? घरी, जिन्यात, बसथांब्यावर?
५. त्यांचं कुठलं म्हणणं तेव्हा पटलं नाही? आज पटतं का?
६. आज तुमच्या कामात अशी कुठली सवय आहे जी त्यांच्याकडून आली?

सहाच्या सहा प्रश्नांची उत्तरं मागू नका. दोन निवडा आणि सातशे शब्दांत लिहा, असं सांगा. मुदत सहा आठवड्यांची द्या आणि स्वतःच्या वहीत नऊ आठवडे धरा. 'नक्की लिहितो' म्हणणाऱ्यांपैकी निम्मेच लिहितात असं गृहीत धरलं म्हणजे मनस्ताप होत नाही. चाळीस लेख हवेत तर ऐंशी होकार मिळवा.

न लिहिणाऱ्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. मोबाइल चालतो, पण तोंडापासून वीतभर अंतरावर, पंखा बंद आणि फोन विमान-मोडवर. पंख्याची घरघर कानाला जाणवत नाही, ध्वनिफितीत मात्र शब्द खाते. तासाभराचं बोलणं उतरवायला चार ते सहा तास लागतात, म्हणून मुलाखत चाळीस मिनिटांत आवरा. लिहून झालं की त्या माणसाला वाचायला द्या आणि होकार लेखी घ्या.

संपादनाचं खरं काम लेख आल्यावर सुरू होतं. समजा, एका लेखात असं वाक्य आलं:

'सर अत्यंत शिस्तप्रिय होते, पण अंतःकरणानं प्रेमळ होते.'

हे कापायचं नाही आणि छापायचंही नाही. फोन उचलायचा आणि विचारायचं, 'शिस्तप्रिय म्हणजे काय करायचे?' पाच मिनिटांनी उत्तर येतं ते काहीसं असं:

'आठच्या ठोक्याला दार लावायचे. उशिरा आलेल्याला घालवत नसत, बाहेरच्या बाकावर बसायला लावत. तास संपला की त्याला आत बोलवत आणि म्हणत, फळा पुसलेला नाही, उतरवून घे.'

आता 'शिस्तप्रिय' आणि 'प्रेमळ' दोन्ही शब्द काढून टाका. न पुसलेला फळा पुरेसा आहे. हा फोन प्रत्येक लेखामागे निदान एकदा करावा लागतो. संपादकाचे दोन महिने यातच जातात. ऋषितुल्य, दीपस्तंभ, परीसस्पर्श, ज्ञानयज्ञ हे शब्द दिसतील तिथे पेन्सिलीनं गोल करा आणि त्यांच्या जागी काय घडलं होतं ते विचारा. काहीच घडलं नसेल तर लेख अर्ध्यावर येतो. त्यात लेखकाचंही भलंच आहे.

आठवणीतली सालं बहुधा चुकतात. एका उभ्या कागदावर वर्षावार जीवनपट करा: कुठल्या साली कुठले वर्ग, कधी विभागप्रमुख, कधी रजा, घर कुठे. प्रत्येक लेख त्यावर घासून पाहा. हा कागद सरांना दाखवायचा. लेख मात्र दाखवायचे नाहीत. लेख आधी वाचले की शिक्षक ते तपासायला घेतात, आणि स्वतःबद्दल जे बरं लिहिलेलं असतं त्यावरच पहिल्यांदा काट बसते. पुस्तकच नको असं ते म्हणाले, तर मात्र थांबा.

बडोद्याचा खास प्रश्न भाषेचा. सरांचे निम्मे विद्यार्थी गुजराती असतात आणि ते त्यांना 'साहेब' म्हणतात. भाषांतरात त्या 'साहेब'चं 'सर' करू नका, हाक तशीच राहू द्या. गुजराती लेखाचं भाषांतर करताना सारखे दिसणारे शब्द फसवतात. गुजराती विद्यार्थी 'अमने गर्व छे' लिहितो तेव्हा मराठीत 'आम्हाला अभिमान आहे' असंच यायला हवं. 'गर्व' तसाच ठेवलात तर तो बिचारा घमेंडखोर ठरतो. सरांचं वाक्य ज्या भाषेत उच्चारलं गेलं त्या भाषेत देवनागरीत छापा आणि पुढे मराठी द्या. बडोद्याच्या मराठी लेखकांचं गुजराती वळण पुसून त्यांना पुणेकर करण्याचा मोहही आवरा. शुद्धलेखन तपासा, बोली नको.

एक प्रकरण बहुतेक गौरवग्रंथांत नसतं आणि ते असलंच पाहिजे: विद्यार्थ्यांचे विद्यार्थी. प्रभाव टिकला का, ते तिथेच कळतं. नमुना आपल्याच गावात आहे. इंदूरला दत्तात्रय देवळालीकरांच्या हाताखाली शिकलेले चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे १९५० साली बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिकवायला आले आणि १९६६ पर्यंत राहिले. ज्योती भट्ट आणि गुलाममोहम्मद शेख हे त्यांचे विद्यार्थी, आणि पुढे दोघांनीही तिथेच शिकवलं. इंदूरच्या एका शिक्षकाचं शिकवणं असं चार पिढ्या चाललं. तुमच्या सरांची वेल एवढी नामवंत नसेल. पण बडोद्यातल्याच आकोट्यात क्लास घेणारी एखादी विद्यार्थिनी अजूनही सरांच्याच पद्धतीनं समासात प्रश्नचिन्ह काढत असेल, तर तिच्या विद्यार्थ्याची वही मागवा. दोन्ही वह्यांचे समास शेजारी शेजारी छापा. तपासलेले कागद छापताना गुण आणि इतरांची नावं झाका.

याच्या जोडीला सरांचा एक अख्खा तास असू द्या. कुणाच्या तरी वहीत टिपणं असतातच. दोन-तीन वह्या एकत्र ठेवून तो बांधता येतो, पण 'टिपणांवरून' असं वर स्पष्ट लिहा.

फोटोंचा फोटो काढू नका. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, आणि छपाईच्या ३०० डीपीआयला तो आठ बाय बारा इंचांपर्यंत ताणता येतो. व्हॉट्सॲपवरून मागवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, एरवी तो दाबला जातो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो उपसू नका, पानासकट स्कॅन करा. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. सामूहिक फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून डोक्यांवर आकडे घाला आणि तो कागद तीन वेगळ्या माणसांना दाखवा. एकट्यानं सांगितलेली नावं छापली की ओळीतला चौथा दुखावतो.

पानांचं गणित असं. डेमी (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) आकाराच्या पानावर साधारण २८० शब्द बसतात. चाळीस लेख, प्रत्येकी सातशे शब्द, म्हणजे २८,००० शब्द आणि शंभर पानं. प्रत्येक लेख नव्या पानावर घेतला की सरासरी अर्धं पान रिकामं जातं, त्याची वीस. सरांचा तास वीस, विद्यार्थ्यांच्या विद्यार्थ्यांची वेल सहा, जीवनपट चार, सुरुवातीची दहा. एकूण १६०, म्हणजे बरोबर दहा फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी सोळा पानं म्हणजे एक फॉर्म). १६३ झाली तर तीन पानांसाठी वाढीव छपाई भरावी लागते, म्हणून तीन पानं कापा. आतला कागद ८० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) वजनाचा मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा पांढरा, फोटोंचा सोळा पानांचा वेगळा फॉर्म १३० जीएसएम आर्ट पेपरवर, मुखपृष्ठ ३०० जीएसएम. बांधणी शिलाईचीच सांगा; नुसत्या डिंकाची पाठ बडोद्याच्या उन्हाळ्यात तडकते.

अक्षरजुळणी युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमधले लेख बदलून घेताना 'ऱ्य' आणि जोडाक्षरं हमखास मोडतात. इथला जुळारी गुजरातीत तरबेज असतो, पण देवनागरी दिसली की ती हिंदी समजतो. त्याला आधी एक ओळ जुळवायला द्या: दुसऱ्या, ऱ्हस्व, कॅमेरा, ऑफिस, विठ्ठल, उद्घाटन, शाळा, लाल. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आले तर संगणकावरच्या मजकुराची भाषा मराठी करायला सांगा किंवा फॉन्ट बदला. प्रुफं तीन: पहिलं लेखकाकडे, दुसरं विषय माहीत नसलेल्या माणसाकडे, तिसरं फक्त नावं आणि आकड्यांसाठी.

प्रती किती? चाळीस लेखकांना दोन-दोन म्हणजे ८०, सरांच्या घरी २५, ग्रंथालयांना १५, वर्गणीदारांना १००, शिल्लक ३०. अडीचशे झाल्या. एवढ्यासाठी डिजिटल आणि ऑफसेट दोन्ही छपाईंचे दर मागवा. या आकड्यावर कधी हे स्वस्त पडतं, कधी ते. सरांच्या नावानं कॉलेजात पारितोषिकही ठेवणार असाल तर पुस्तकाची वर्गणी आणि पारितोषिकाची वर्गणी वेगळ्या लिहून ठेवा. लाखाची ठेव साडेसहा टक्क्यांनी वर्षाला साडेसहा हजार देते, त्यात एक बरं पारितोषिक होतं; मात्र कॉलेजची अट आणि किमान रक्कम आधी विचारा, जाहीर मग करा.

प्रकाशनाच्या दिवशी भाषणं दोन. प्रती दारातच द्या, व्यासपीठावरून नव्हे. लोक लगेच आपला लेख काढतात आणि पहिली चूक तिथेच सापडते. ती लिहून घ्यायला एकाला वही देऊन दाराशी बसवा. आठवड्यानं शुद्धिपत्राची पट्टी छापून शिल्लक तीस प्रतींत आणि ग्रंथालयांच्या पंधरांत चिकटवा, मग त्या पाठवा.