घटपर्णीचा संकर: फुलं गळतात, बोंड धरत नाही

लक्षण असं: मादी तुऱ्याला पराग लावले तरी आठवड्याभरात फुलं सुकून गळतात. नेपेंथिसमध्ये, म्हणजे या कीटकभक्षी घटपर्णीत, नर-मादी झाडं वेगळी असतात, एकाच वेळी फुलतातच असं नाही. म्हणून पराग साठवावे लागतात. फ्रीजमध्ये नुसत्या पिशवीत ठेवले, ओल धरून गोळा झाले. दुपारी लावले, मराठवाड्याच्या कोरड्या वाऱ्यात कुक्षी (मादी फुलाचं पराग धरणारं टोक) वाळली. दोन हंगाम वाया गेले, जीव रडकुंडीला आला.

जमलं ते असं. नर फुलं उमलताच परागकोश कागदावर झटकले, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत घट्ट डबीत एक दिवस वाळवले, मग डबी फ्रीझरमध्ये. वापरताना डबी बंदच ठेवून तासभर बाहेर ठेवायची. थंड डबी उघडली की आत दव धरतं, सगळी गफलत इथंच होते. मादी फुलं खालून वर उमलतात. कुक्षी चकाकती, चिकट दिसली की सकाळी सातच्या आत मऊ कुंचल्यानं पराग लावायचे, त्याच फुलाला सलग तीन दिवस. तुऱ्यावर सैल पिशवी. झाडाला बोअरचं क्षाराचं पाणी नको, आरओचं किंवा पावसाचं द्यायचं.

बोंडं तपकिरी होऊन तडकू लागली की बी लगेच ओल्या स्फॅग्नम शेवाळावर पेरा, माती टाकू नका. बी फार टिकत नाही.