व्हिस्की घेण्याआधी लेबल वाचा, ओतण्याआधी बाटली गार करा

सोलापूरच्या उन्हाळ्यात कपाटातली बाटलीसुद्धा कोमट लागते. तशीच ओतली की नाकात नुसता अल्कोहोलचा भपकारा जातो आणि चांगली व्हिस्की वाया जाते. बाटली वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. मग ग्लासात 30 मिली घ्या, आपलं तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, एक लहान घोट घ्या. आता चमचाभर पाणी घाला. बोअरचं जड पाणी नको, फिल्टरचं घ्या. पुन्हा हुंगून बघा, मघाशी दबलेला मध, सुकामेवा, लाकूड असा वास वर येतो. ही गंमत सोड्यात बुडवू नका.

दुकानात लेबल नीट वाचा. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीतली, फक्त माल्ट केलेल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीत निदान 51 टक्के मका असतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात मुरते, म्हणून व्हॅनिलासारखी गोडसर लागते. नवख्याने इथून सुरुवात करावी. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची धुरकट स्कॉच नंतर. भारतीय सिंगल माल्टवर किती वर्षं मुरली ते लिहिलेलं नसलं तरी बिचकू नका, आपल्या उष्ण हवेत व्हिस्की पिंपात लवकर मुरते.

सोबत शेंगाचटणी मात्र नको, तिखटाने जीभ बधिर होते. भाजलेल्या बिनमिठाच्या शेंगा उत्तम. उरलेली बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली की बूच खराब होतं.