गावात रेस्क्यू टीम काढायचीय? मग हे आधी वाचा

पावसाळा लागला की गोव्यात सत्तरीत, सांग्यात, काणकोणात दरवर्षी तेच. पोरं वझरावर, म्हणजे धबधब्यावर जातात, वर डोंगरात पाऊस पडतो तो खाली कळत नाही, पाणी एकदम वाढतं आणि मग वाड्यावरचेच कोणीतरी दोघे कमरेला दोरी बांधून उतरतात. किनाऱ्यावर 2008 पासून ‘दृष्टी’ कंपनीचे लाइफगार्ड आहेत, पण आत डोंगरात कोण? वाळपईहून फायर ब्रिगेडची गाडी निघणार, रस्ता संपेल तिथे थांबणार, पुढे जवान सामान घेऊन चालत येणार. ते पोचेपर्यंतचा जो वेळ असतो ना, त्या वेळासाठी गावची टीम. फायर ब्रिगेडला बाजूला सारून हिरो व्हायला नव्हे, हे डोक्यात पक्कं असेल तरच पुढचं वाचा.

सुरुवात माणसांपासून करा, आठ-दहा जण पुरेत. जिमवाले पोरगे पहिल्या मीटिंगला हमखास येतात, येऊ देत, पण खरी माणसं वेगळी असतात. नारळ पाडणारा पाडेली, ज्याला उंचीची भीतीच नाही. नदीकाठी वाढलेला, कुठल्या कोंडात पाणी कसं फिरतं ते सांगणारा म्हातारा (त्याला उतरवायचं नाही, काठावर बसवून विचारायचं). एखादी नर्स. पिकअपवाला. आणि रात्री जंगलात फिरायची ज्यांना ‘सवय’ आहे ते, समजून घ्या, त्यांच्यासारख्या वाटा कोणालाच ठाऊक नसतात. अजून एक माणूस असा पाहिजे जो घरीच बसणार, फोन घेणार आणि वहीत लिहिणार कोण किती वाजता कुठून आत गेला. हे काम कोणालाच नको असतं पण ह्याच्याशिवाय टीम निघता कामा नये. अठराच्या खालचं कोणी घेऊ नका, कितीही चांगला पोहत असला तरी.

मग कागद. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा अध्यक्ष कलेक्टर असतो, 2005 च्या कायद्यातच तसं आहे, म्हणून नावं आणि फोन नंबरांची यादी जोडून कलेक्टरना पत्र द्या, कॉपी मामलेदार, पोलीस स्टेशन, फायर स्टेशन आणि पंचायतीला. अभयारण्याचा भाग असेल तर फॉरेस्टवाल्यांशी आधीच बसून बोला, पावसात कितीतरी धबधबे बंद असतात आणि आपणच बंदी मोडून प्रॅक्टिस करताना सापडलो तर झालंच. सोसायटी रजिस्टर करायला सात जण लागतात, पण ते नंतर केलं तरी चालतं. ‘आपदा मित्र’ म्हणून सरकारी ट्रेनिंग आहे, बारा दिवसांचं, पुढची बॅच कधी ते कलेक्टर ऑफिसात विचारत राहा. आणि कॉल आला की पहिला फोन 112 ला, ॲम्ब्युलन्सला 108, मग आपला ग्रुप. उलटं नाही.

सामानात सगळ्यात आधी थ्रो बॅग घ्या, म्हणजे पिशवीत भरलेली पंधरा-वीस मीटर तरंगणारी दोरी. काठावर पाय रोवून उभं राहायचं, आधी जोरात हाक मारायची म्हणजे तो वर बघेल, मग दोरी त्याच्या डोक्यावरून पलीकडे पडेल अशी टाकायची. आपल्या हातातलं टोक मनगटाला गुंडाळायचं नाही, ओढ आली तर तुम्हीपण गेलात. त्याने दोरी छातीशी धरून उताणं व्हायचं, प्रवाहच त्याला काठाला आणून लावतो. ह्याची प्रॅक्टिस कोरड्या मैदानावर एकमेकांवर टाकून करा, हसायला येतं पण हात बसतो. पाण्याजवळ जाणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट आणि हेल्मेट. कमरेला साधी गाठ मारून वाहत्या पाण्यात उतरणं पूर्ण बंद, गाठ सुटत नाही आणि दोरी ताणली की पाणी माणसाला खाली दाबतं. डिचोलीकडच्या जुन्या खाणींच्या खंदकात तर उतरूच नका, कडा सरळ, माती भुसभुशीत, पाणी किती खोल ते वरून कळत नाही.

बाहेर काढलेला श्वास घेत नसेल तर पोट दाबत बसू नका. आधी तोंडाने पाच श्वास, मग छातीवर तीस दाब, दोन श्वास, आणि हेच चालू ठेवायचं ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. हे नर्सकडून शिका, व्हिडिओवरून नको.

हरवलेल्यांचं काम वेगळं, त्यात पळापळ कमी आणि चौकशी जास्त. काळोख पडला तरी वाटेच्या तोंडाला काळ्या प्लेटवर पिवळ्या नंबरची रेंटची स्कूटर उभी आहे? प्लेटचा फोटो पोलिसांना पाठवा, मालक सापडला की भाड्याने घेणाऱ्याचा नंबर मिळतो, किती जण होते तेही कळतं. मग शेवटचं कोणी कुठे पाहिलं ते ठरवा, वाट जिथे जिथे बाहेर पडते तिथे एकेक माणूस टॉर्च घेऊन बसवा, आणि त्यानंतरच दोन-दोनच्या जोड्या आत. दर थोड्या वेळाने हाक मारून गप्प उभं राहायचं, कारण उत्तर ऐकायला शांतता लागते. बऱ्याच ठिकाणी रेंज नसते म्हणून मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा. वॉकी-टॉकी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवरचे कमी पॉवरचे घ्या, त्यांना लायसन्स लागत नाही, पण झाडीत फार लांब पोचत नाहीत हे धरून चाला.

स्ट्रेचर उचलायला सहा जण आणि बदलीला अजून सहा, एका दमात कोणी नेऊ शकत नाही. पाय घसरणाऱ्या वाटेवर तर अजून लागतात, म्हणून वाड्यावरच्या लोकांचे नंबर वहीत हवेत.

उन्हाळ्यात जंगलात गेलात तर गोचिडी बघा, सत्तरीत माकडताप (गोचिडी चावून होणारा ताप) आहे. नंतर ताप आला तर डॉक्टरला जंगलात गेलो होतो हे सांगायचंच. पावसात शिरलात तर लेप्टोचंही (घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) तेच.

पैसे कोणाकडून घ्यायचे नाहीत, सुटका झालेल्याच्या घरून पाकीट आलं तरी. मृतदेह असेल तर पोलीस येईपर्यंत हलवायचा नाही, कारण पंचनामा असतो. आणि फोटो. ग्रुपवर एकही फोटो नाही, जो टाकेल तो पुढच्या कॉलला घरी. घरच्यांना बातमी मोबाईलवरून कळता कामा नये, हा नियम पहिल्याच मीटिंगला सगळ्यांकडून सही करून घ्या.