लेणी आणि कातळशिल्पांची ‘रहस्यं’ शोधायला निघताय? या चुका टाळा

‘हे माणसाचं काम असूच शकत नाही.’ वेरूळच्या सोळा नंबरच्या लेण्यासमोर, म्हणजे कैलास देवळासमोर, हे वाक्य म्हणणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आपल्यालाच हे पहिल्यांदा सुचलंय. मग कुणाचं? परग्रहवासीयांचं, म्हणे. मला त्यांच्याबद्दल राग नाही. चहाच्या टपरीवर तो विषय निघाला तर मीही दोन पुड्या सोडतो. वैताग येतो तो दगडाकडे न बघता थेट निष्कर्षाला जाऊन बसणाऱ्यांचा. तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

चूक पहिली : मोबाइलवर भागाकार करून चमत्कार सिद्ध करणे

एका ग्रुपबरोबर कैलासच्या आवारात होतो. त्यातल्या एका तरुणानं कॅल्क्युलेटर काढला. चार लाख टन दगड, अठरा वर्षं, रोज बारा तास काम, म्हणजे तासाला पाच टन. ‘सर, छिन्नी-हातोड्यानं तासाला पाच टन? शक्यच नाही!’ आजूबाजूच्या चार कुटुंबांनी माना डोलावल्या. एक आजोबा तर हात जोडून उभे राहिले.

भागाकार बरोबर होता, फक्त भाग एकाच माणसाला दिला होता. मी म्हटलं, आता मजूर धर. त्याचेच चार लाख टन घेऊ (दोन लाख म्हणणारेही आहेत), वर्षाला तीनशे दिवस काम धरू. दिवसाला साधारण ७४ टन. तीनशे माणसं लावली तर माणशी अडीचशे किलोच्या आत. आपला बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ, घनमीटरला तीन टनांच्या जवळपास भरतो, म्हणजे माणशी दिवसाला तीन घनफुटांचा ऐवज. मेहनतीचं काम आहे, पण अंतराळयान लागत नाही. आवार साधारण ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद. तीनशे माणसं तिथे एकमेकांच्या पायावर पाय न देता मावतात.

शिवाय सगळा दगड भुगा करून काढावा लागत नाही. आधी चर खणायचे, मधे उरलेला दगड ढलप्या-ढलप्यांनी फोडायचा. हे पुस्तकात वाचायची गरज नाही. अजिंठ्याला २४ नंबरच्या लेण्यात जा. ते अर्धवट राहिलंय. तिथले काही खांब पूर्ण आहेत, काही नुसते ओबडधोबड ठोकळे. चर कसे पाडले, मधल्या भिंती कशा फोडल्या, ते तिथे दिसतं. पण अर्धवट लेण्यांकडे कोण फिरकतंय? तिथे सेल्फी चांगला येत नाही! माझी सवय उलटी आहे. नवीन माणूस बरोबर असला की मी त्याला आधी अपूर्ण लेणं दाखवतो, मग पूर्ण. वेरूळलाच ३० नंबरचं जैन लेणं आहे, त्याला छोटा कैलास म्हणतात. तेही अपुरंच राहिलं. परग्रहवासीयांचं बजेट संपलं होतं का, असं विचारलं की बहुतेक जण हसतात आणि मग नीट बघायला लागतात.

आता ती ‘अठरा वर्षं’ कुठून आली? राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याची कारकीर्द साधारण इ.स. ७५६ ते ७७३. कुणीतरी ती मोजली आणि काम तेवढ्यातच सुरू होऊन संपलं असं धरून चाललं. शेजारच्या १५ नंबरच्या लेण्यात त्याच्या आधीच्या दंतिदुर्ग राजाचा लेख आहे, म्हणजे इथलं खोदकाम कृष्णाच्या आधीपासूनचं. कैलासच्या आवारातले काही भाग नंतरचे असल्याचं अभ्यासक सांगतात. म्हणजे आकडाच मुळात ठिसूळ.

आणि ते ‘विमानातून देवांनी पाहिलं’ प्रकरण. इ.स. ८१२च्या वडोदरा ताम्रपटात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, देवळाची स्तुती आहे : विमानातून जाणाऱ्या देवांनाही ते मानवी कृती वाटेना, खुद्द कारागीरही थक्क झाला, आपण हे केलं तरी कसं म्हणून. याचा स्क्रीनशॉट ‘पुरावा’ म्हणून मला नेमानं येतो. अहो, ती राजदरबारची स्तुती आहे. राजाच्या देवळाला ‘ठीकठाक’ म्हणणारा कवी टिकला असता का? आणि त्याच लेखातला कारागीर माणूस आहे, हे मात्र फॉरवर्ड करणाऱ्याला दिसत नाही.

त्यापेक्षा लोककथा शहाणी. राणीनं व्रत घेतलं, शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. सगळे स्थपती महिन्यांच्या गोष्टी करू लागले, पैठणचा कोकास म्हणाला, आठवड्यात दाखवतो. त्यानं वरूनच सुरुवात केली. कथा कथाच आहे, पण ‘कळस आधी, पाया नंतर’ ही खरी पद्धत तिनं बरोबर लक्षात ठेवलीय.

चूक दुसरी : फोटोसाठी रेषांत चुना भरणे

ही पाहिली की माझं डोकंच फिरतं. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कशेळीचा अवाढव्य हत्ती, बारसूचा दोन वाघांमधला माणूस, शिवाय उक्षी आणि कुडोपी इथली शिल्पं. रेषा उथळ, दुपारच्या उन्हात काही दिसत नाही. मग उतावळे लोक चुना नाहीतर रांगोळी भरतात.

एका सड्यावर एका मंडळानं ड्रोनच्या शॉटसाठी असाच चुना भरला. भरणाऱ्यानं मनुष्याकृतीच्या डोक्यापाशी दगडाची नैसर्गिक भेगही चुन्यात घेतली. फोटोत डोक्यावर दोन अँटेना! पुढे तो फोटो ‘कोकणातला एलियन’ म्हणून फिरला. पुढच्या पावसाळ्यानंतर गेलो तर चुन्याची खपली धरली होती आणि ती काढायला कुणीतरी खिळा वापरलेला. आता मूळ रेषा कुठली आणि खिळ्याची कुठली, हे सांगायला तज्ज्ञ लागेल. पाच मिनिटांच्या फोटोपायी हजारो वर्षांच्या रेषेची वाट लावली.

उपाय फुकट आहे. सकाळी उन्हं तिरपी असताना जा, नाहीतर सूर्य कलल्यावर. नाहीच जमलं तर अंधार पडल्यावर टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून आडवा धरा, रेष उठून दिसते. फोटोत एक पट्टी ठेवा, मापासाठी. पाणीही ओतू नका, बूटही बाहेर.

होकायंत्र फिरलं म्हणजे...

राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे इथल्या मनुष्याकृतीजवळ होकायंत्राची सुई खरोखर चुकीची दिशा दाखवते. लगेच ‘ऊर्जाकेंद्र’! जांभ्यात लोह भरपूर असतं, दगड जागोजागी चुंबकीय असू शकतो. प्रयोग करायचाच तर मोबाइल आणि पॉवर बँक लांब ठेवून साधं होकायंत्र घ्या, दर पावलाला सुईची दिशा लिहा, आकृतीपासून दूर जाऊनही लिहा. इतकं कुणी करत नाही. रील मात्र तीस सेकंदांत तयार असतं.

बाकीच्या, थोडक्यात

गडावरच्या पाण्याच्या प्रत्येक टाक्याला भुयार म्हणू नका. आणि ते दर वेळी देवगिरीलाच कसं निघतं?

लेण्यातलं भोक दिसलं की पाताळनगरी काढू नका. आधी पाणी कुठून वाहतं ते बघा.

वीरगळावर (वीराच्या स्मरणार्थ उभारलेल्या दगडावर) शेंदूर, शिलालेखावर ऑइलपेंट नको. अक्षर ‘स्पष्ट’ करायच्या नादात चुकीचं अक्षर कायमचं होतं. वीरगळाखाली धन नसतं, खणू नका. तो गुन्हाही ठरू शकतो.

गावकरी म्हणाले ‘पांडवांनी एका रात्रीत केलं’, तर हसू नका. कुठली पायवाट, कुठला सडा, हे त्यांनाच ठाऊक असतं.

आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. कितीही मोठा सिद्धांत घेऊन आलात तरी.